सही मागायला आलेला भाऊ सहीचं नाव काढत नाही

दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस जवळ आले की आमच्या ओळखीतले लिहिणारे एकमेकांना आपापल्या कथा वाचायला पाठवतात. आपल्याकडे कथा मुख्यतः दिवाळी अंकांनीच जगवलीये, 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तिथपासून आजपर्यंत, त्यामुळे पावसाळ्याचे ते महिने आमच्यात वाचा, खुणा करा, मग फोनवर तासभर बोला असेच जातात. आणि मला दरवर्षी तीच गोष्ट दिसते. कल्पना चांगली असते, गाव डोळ्यासमोर येतं, माणसं ओळखीची वाटतात, आणि मग ती माणसं बोलायला लागतात आणि सगळं सपाट होतं. वाक्यं चुकलेली नसतात, अर्थ नीट कळतो, फक्त असं कुणी कुणाशी बोलत नाही.

कथा सुधारायची असेल तर सगळ्यात आधी संवाद हातात घ्यावेत असं माझं ठाम मत आहे, कारण लिहिणाऱ्याला आपलं पात्र किती माहितीये हे तिथे लगेच उघडं पडतं. वर्णनात लपायला जागा असते, संवादात नसते. आणि संवादाबद्दल मला जे सांगायचंय ते इतकंच, की पात्र जे मागायला आलंय ते त्याने शक्यतो मागू नये.

एक प्रसंग घेऊ. भोरकडचा एक धाकटा भाऊ पुण्यात हडपसरला राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे आलाय. वडील गेलेत. वारसनोंद झाल्यावर सातबाऱ्यावर आई, हा आणि बहीण अशी तिघांची नावं लागलीत. ह्याला गावी घर बांधायचंय, कर्ज काढायचंय, जागा एकट्याच्या नावावर असली तर सोपं जाईल असं त्याला कुणीतरी सांगितलंय, म्हणून बहिणीचं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा तिचा कागद, हवंय. महाराष्ट्रात ही परिस्थिती माहिती नसलेलं घर क्वचितच सापडेल. आता बऱ्याच कच्च्या कथांत हा प्रसंग साधारण असा येतो:

"ताई, तुला माहितीच आहे की बाबा गेल्यानंतर सातबाऱ्यावर आपल्या तिघांची नावं लागली."

"हो, माहीत आहे. पण आता त्याचं काय?"

"मला घर बांधायला कर्ज हवं आहे. त्यासाठी तू हक्कसोडपत्रावर सही करशील का?"

"अरे, पण त्या जमिनीवर माझाही हक्क आहे. तू फक्त सहीसाठी आलास याचं मला फार वाईट वाटतंय."

"तसं नाही गं ताई. माझं तुझ्यावर प्रेम आहे."

यात चूक काय आहे ते ओळीओळीने बघण्यासारखं आहे. पहिली ओळ बहिणीसाठी नाहीच, ती वाचकासाठी आहे. तिला जे आधीच माहितीये तेच भाऊ तिला सांगतोय, आणि 'तुला माहितीच आहे की' हे शब्द संवादात दिसले की तिथे बहुतेक वेळा लेखक वाचकाच्या कानात बोलत असतो, टीव्ही मालिकांमध्ये तर हे रोज ऐकू येतं. दुसरं म्हणजे दोघंही आपल्या मनातलं थेट नाव घेऊन सांगतायत, वाईट वाटतंय, प्रेम आहे. आपल्याकडे किती बहीणभाऊ एकमेकांना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणतात? प्रेम असतंच, पण ते 'जेवलास का' मध्ये असतं, 'एवढ्या उन्हाचा कशाला आलास' मध्ये असतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथे प्रश्नाला उत्तर मिळतंय. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने त्याच प्रश्नाचं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं हे तोंडी परीक्षेत होतं, घरात क्वचितच होतं.

हाच प्रसंग मी असा लिहून बघेन:

"तांदूळ कुठं ठेवू?"

"ठेव तिथंच. एवढा कशाला आणलास, आम्ही दोघंच तर असतो."

"आईनं भरला. मी म्हणत होतो दहा किलो पुरे, तर म्हणली राहू दे, वर्षभर पुरंल."

"बरी आहे ना ती?"

"बरीये. गुडघे तेवढे. आणि ती मागची भिंत... बघितलीस ना तू गेल्या टायमाला. पाऊस लागला की तिकडं झोपताच येत नाय."

"चहा टाकते."

"नको, आत्ताच घेतला स्टँडवर. भाऊजी कधी येतात?"

"सातला. का रे?"

"काय नाय, असंच. गाठ पडली असती."

"काम होतं का काही त्यांच्याकडे?"

"नाय गं, काम कसलं." तो पिशवीचं तोंड परत बांधत बसला. "तुझं आधारकार्ड ह्या पत्त्याचं झालं का गं?"

तिने गॅस लावला. "साखर कमीच टाकते, आईसारखं तुलापण नको व्हायला."

सही, हक्क, जमीन, कर्ज, यातला एकही शब्द आलेला नाही, तरी वाचकाला आधारकार्डाच्या प्रश्नापाशी कळतं, आणि बहिणीला त्याच्याही आधी, बहुतेक भिंतीचा विषय निघाला तेव्हाच कळलंय. चहा नको म्हणाला तरी तिने गॅस लावलाय, कारण तिला पाठ फिरवायला काहीतरी हवंय. तांदळाची मोठी पिशवी आईने भरलीये, म्हणजे आईला सगळं ठाऊक आहे आणि ती कुठल्या बाजूला आहे तेही तांदळातून कळतंय. 'आईसारखं तुलापण नको व्हायला' यात माया आहे आणि विषय बंद करणंही आहे, दोन्ही एकाच वाक्यात, आणि घरातली माणसं बहुतेक वेळा असंच बोलतात.

हे जमायला एक गोष्ट लागते जी कागदावर दिसत नाही. लिहिणाऱ्याला प्रत्येक पात्राबद्दल दोन गोष्टी पक्क्या माहिती हव्यात, त्याला ह्या प्रसंगात नक्की काय हवंय आणि ते थेट मागायला तो कशाला घाबरतोय. भावाला सही हवीये आणि तो नकाराला घाबरत नाहीये, तो लोभी दिसायला घाबरतोय. बहिणीला जमीन हवीच असेल असं नाही, तिला कदाचित एवढंच हवंय की कुणीतरी एकदा म्हणावं की यात तुझंही आहे. ही दोन उत्तरं माझ्याकडे असली की संवाद आपोआप वाकडा चालायला लागतो, मुद्दाम आडवळण घ्यावं लागत नाही. आणि ही उत्तरं नसताना नुसतं 'सूचक' लिहायला गेलं की मग जे होतं ते त्याहून वाईट, पात्रं नुसतीच गूढ बोलत बसतात आणि वाचक कंटाळून पान उलटतो.

माहिती पण लागते. हक्कसोडपत्र म्हणजे कुठल्यातरी कागदावर सही असं समजून लिहिलं तर प्रसंग पोकळ होतो. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं, म्हणजे बहिणीला स्वतः तिथे जाऊन बसावं लागतं, फोटो, अंगठ्याचा ठसा, साक्षीदार, आणि मग तलाठ्याकडे फेरफार. 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे हे बहिणीच्या नवऱ्याला माहिती असणार, म्हणून तर भाऊ विचारतोय भाऊजी कधी येतात, आणि तो ते येण्याआधी निघायचा विचार करतोय की थांबायचा यावर अख्खी कथा फिरू शकते. हे सगळं संवादात घालायचं नसतं. लिहिणाऱ्याच्या पोटात असलं की आधारकार्डासारखा एखादाच शब्द वर येतो आणि तो बरोब्बर असतो.

आपल्या भाषेत तर ह्या कामासाठी इतकी साधनं पडलीयेत की मला नवल वाटतं आपण ती वापरत नाही. एखादा माणूस रोज बायकोला 'अगं' म्हणतो आणि एक दिवस तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारतो, एवढ्यावर वाचक सावध होतो. सासूबाई सुनेला एरवी 'तू' म्हणतात आणि पाहुण्यांसमोर अचानक 'आमच्या सूनबाईंना सगळं जमतं हो' असं आदरार्थी सुरू करतात, तिथे काय शिजतंय ते सांगायची गरजच नाही. लहानपणापासून ज्याला 'तू' म्हटलं तो मित्र साहेब झाल्यावर त्याला 'तुम्ही' म्हणायचं की नाही हा प्रश्न कितीतरी माणसांनी क्रियापदाचं रूपच बदलून सोडवलेला मी ऐकलाय, 'मग काय, यायचं ना रविवारी?' असं. येतोस नाही आणि येताय पण नाही. असं वाक्य कथेत आलं तर त्या दोघांच्या वीस वर्षांबद्दल एक परिच्छेद कमी लिहावा लागतो.

आणि तिसरं माणूस. दोन पात्रांचा संवाद अडला असेल तर खोलीत तिसरं आणा, हा उपाय मी सगळ्यांना सांगते. आपल्या घरांत बापलेक भांडले की थेट बोलतच नाहीत, बाप आईला सांगतो 'त्याला म्हणावं गाडीची किल्ली ठेवून जा', आणि तो मुलगा तिथेच दोन फुटांवर बूट घालत उभा असतो, आणि आई ते वाक्य पुन्हा म्हणते पण तिच्या आवाजात, 'किल्ली ठेव रे बाळा, त्यांना लागणारे'. वाक्य तेच, पण आईने मध्ये 'बाळा' घातला आणि आज्ञेची विनंती केली. हे भाषांतराचं काम आपल्याकडच्या आया जन्मभर करतात आणि कथांमध्ये ते फार कमी येतं, मला याची खरोखर खंत आहे.

बोलीबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे सगळ्यात जास्त गडबड होते. पात्र गावचं आहे हे दाखवायला 'हाय', 'न्हाय', 'व्हय' असे पाचसहा शब्द शिंपडायचे आणि बाकी वाक्याची रचना पुण्याच्या पुस्तकी मराठीची ठेवायची, असं बरेच जण करतात. त्याने कुठलंच गाव उभं राहत नाही. बोली शब्दांत असते त्यापेक्षा वाक्य कसं वळतं त्यात जास्त असते. नागपूरकडचा माणूस 'मी करून राहिलो' म्हणतो, कोल्हापूर-सांगलीकडे अनेक घरांत बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, मालवणीत 'माका', 'तुका' आणि वऱ्हाडीत 'मले', 'तुले' येतं, आणि ह्या प्रत्येकाची वाक्य संपवायची लय वेगळी आहे. ती लय कानात नसेल तर सरळ साधी मराठी लिहावी आणि गाव इतर गोष्टींतून उभं करावं, ते जास्त प्रामाणिक होतं. आणि अजून एक, बोली फक्त गरीब किंवा अडाणी पात्रांना द्यायची सवय सोडली पाहिजे. तलाठी, मास्तर, आमदार, डॉक्टरही घरी बोलीच बोलतात, आणि सदाशिव पेठेतल्या आजींची सुद्धा एक बोलीच आहे, ती प्रमाण वाटते एवढंच.

निवेदनाची भाषा आणि संवादाची भाषा यांच्यात किती अंतर ठेवायचं हा प्रश्न आपल्या आधीच्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर फार शिकायला मिळतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) गोष्ट सांगणारा शाळामास्तर आहे, वाडी धनगरांची आहे, तो साध्या शुद्ध मराठीत सांगतो आणि माणसं माणदेशी बोलतात, म्हणजे बाहेरून आलेला तरुण आणि वाडी यांच्यातलं अंतर भाषेतच दिसत राहतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (1960) कौतिक आणि तिच्या घरचे वऱ्हाडीत बोलतात आणि त्या बोलण्यातूनच कौतिकचा कणखरपणा आणि तिचं थकणं दोन्ही आपल्यापर्यंत पोचतं. आणि भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'त (1965) सांगणारा त्या नाक्यावरच्या पोरांतलाच आहे, त्यामुळे अंतर ठेवायचा प्रश्नच येत नाही, निवेदनही त्याच मुंबईच्या भाषेत. म्हणजे आधी ठरवायचं काय, तर सांगणारा कोण आहे आणि तो ह्या माणसांच्या किती जवळ उभा आहे. ते ठरलं की भाषा ठरते. आपण उलटं करतो, आधी भाषा आवडते म्हणून घेतो आणि मग सांगणारा शोधत बसतो.

अपुरी वाक्यं कशी लिहायची ते शिकायला मी नाटकं वाचायला सांगेन, त्यातही विजय तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) मधली बेणारेबाई सुरुवातीला हसत, चेष्टा करत, मोकळेपणाने बोलत असते आणि त्या मोकळेपणाखाली काय दडलंय ते नंतर कळतं, मग पुन्हा मागे जाऊन तिची पहिली वाक्यं वाचावीत, त्यातलं प्रत्येक वेगळं ऐकू येतं. तेंडुलकरांची माणसं वाक्य अर्धवट टाकतात, दुसऱ्याचं तोडतात, स्वतःचंच परत म्हणतात, आणि ती टिंबं नुसती सजावट नसतात, प्रत्येक टिंबाच्या जागी माणसाने काहीतरी गिळलेलं असतं. आपण टिंबं टाकतो तेव्हा काय गिळलं गेलंय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पूर्णविराम द्यावा.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. 'म्हणाला', 'म्हणाली' हे शब्द वाचकाला दिसतच नाहीत, त्यांना घाबरून 'उद्गारली', 'पुटपुटला', 'गरजला', 'संतापाने उत्तरली' असं करत बसू नये, संताप वाक्यातच यायला हवा. दोघंच बोलत असतील तर तीनचार ओळींनंतर कोण बोलतंय ते सांगायचीही गरज नसते, आणि कळत नसेल तर त्याचा अर्थ दोघं सारखंच बोलतायत, मग दुरुस्ती संवादातच करावी लागते. प्रसंगाची सुरुवातीची दोन आणि शेवटची दोन वाक्यं झाकून बघावीत, बहुतेक वेळा ती नकोच असतात. मोठं शहाणपणाचं वाक्य पात्राच्या तोंडी आलं, जे आपल्याला फार आवडलंय, ते बहुधा आपलं असतं, पात्राचं नसतं. असं वाक्य वहीत काढून ठेवावं आणि कथेतून काढावं.

कान तयार करायचा तर एसटीचा लांबचा प्रवास, दवाखान्यातली बाकं, तहसील कचेरीचा व्हरांडा, लग्नाच्या कार्यालयातली स्वयंपाकघराच्या दारापाशीची जागा, ह्याहून चांगली शाळा नाही. ऐकताना विषय काय चाललाय यापेक्षा वाक्य कुठे तुटतं, कोण कुणाचं ऐकत नाहीये, कुणी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिलं तिकडे लक्ष द्यावं. कुणाच्या नकळत रेकॉर्डिंग करू नये, ते चुकीचं आहे आणि उपयोगाचंही नाही, कारण रेकॉर्डिंगमध्ये सगळंच येतं, आणि लेखकाला जे लक्षात राहिलं तेच कामाचं असतं. घरी येऊन आठवेल तेवढं लिहावं. जसंच्या तसं उतरवलेलं बोलणं कथेत चालत नाही, त्यात फार पाल्हाळ असतं. खऱ्या बोलण्याची चाल ठेवायची आणि लांबी कापायची, संवादाचं सगळं कसब मला वाटतं ह्या एका कामात आहे.

मोठ्याने वाचणं तर हवंच, पण एकट्याने नाही. दोघांनी मिळून वाचावं, एकेक पात्र वाटून घ्यावं, आणि समोरच्याला आधी कथा सांगू नये. तो कुठे अडखळतो, कुठे आपोआप शब्द बदलून स्वतःच्या तोंडचा घालतो, तिथे पेन्सिलने खूण करावी. 'परंतु' लिहिलं असेल तर तो 'पण' वाचतो, 'मला असे वाटते' लिहिलं असेल तर 'मला वाटतं' वाचतो. त्याचं तोंड बरोबर असतं.

आता एक नवीन अडचण आलीये आणि तिच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही असं मला वाटतं. आजची निम्मी भांडणं आणि निम्मी प्रेमं व्हॉट्सअ‍ॅपवर होतात आणि कथेत चॅट आलं की लिहिणारे गोंधळतात, काही जण स्क्रीनशॉटसारखं तारीखवेळेसकट उतरवतात, काही जण सरळ नेहमीच्या अवतरणचिन्हांत घालतात जणू समोरासमोर बोलतायत. मला दोन्ही पटत नाही, कारण चॅटमध्ये जे घडतं ते शब्दांच्या बाहेरच जास्त घडतं. 'टायपिंग' दिसतं आणि बंद होतं. निळ्या टिका येतात आणि उत्तर येत नाही. मेसेज डिलीट केल्याची खूण राहते. मुलगा 'ओके' पाठवतो आणि आई त्या 'ओके'कडे बघत बसते, मग चुलतबहिणीला फोन करून विचारते तो चिडलाय का गं. माझा कल असा आहे की मेसेज जितके कमी उतरवता येतील तितके कमी उतरवावेत आणि फोन हातात असलेलं माणूस लिहावं, त्याने काय टाईप केलं आणि मग खोडून काय पाठवलं ते. 'कधी येतोयस' लिहून ते पुसून 'तब्येत सांभाळ' पाठवणारे वडील, एवढं आलं तर पुढचं चॅट दिलंच नाही तरी चालतं.